अजून एक काप

निमकर मॅडमबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मी लिहितेय म्हणजे चांगलंच लिहीन, असंही नाही. परवा आमच्या प्रयोगशाळेत एका नव्या मुलीने मेणाच्या ठोकळ्याचा सुरेख काप काढला आणि आनंदाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, "अजून एक." तिचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. एमएस्सीच्या दिवसांत मी तोच घेऊन फिरत होते. म्हणून हे लिहायला बसले. मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

मी कार्ल्याची. घरी भाताची खाचरं आणि रस्त्याला लागून वडिलांची चहाची टपरी. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच, त्यामुळे प्रकल्पासाठी कुठे जायचं, कोणाला विचारायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. आमच्या सरांनी तळेगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबचा पत्ता दिला आणि म्हणाले, "मॅडम हुशार आहेत. फक्त मनाला लावून घेऊ नकोस."

लॅब म्हणजे एका गल्लीतल्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. आजूबाजूच्या दवाखान्यांत ऑपरेशन झालं की काढलेला तुकडा बरणीत घालून तिथे यायचा. पित्ताशय, गर्भाशय, आतडं. तो मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे, आणि मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगायचं की कर्करोग आहे की नाही. मावळातल्या कितीतरी घरांत पुढे काय होणार, हे त्या घरांच्या आधी मॅडमना कळत असे.

त्या साठीच्या पुढच्या, उंच, पांढरे केस मुलांसारखे बारीक कापलेले. सुती साडीवर कोट, पायांत कापडी बूट. लोणावळ्याला एकट्या राहायच्या आणि रोज लोकलने यायच्या. मुलं त्यांना 'पातं' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बोथट झालेलं पातं मी त्याच दिवशी बदलते. माणसांचंही तसंच करते, विसरू नका."

नावाने त्या कोणालाच हाक मारत नसत. मी 'कार्ले' होते. माझ्याबरोबर प्रकल्प करणारा लोणावळ्याचा ओंकार 'चिक्की' होता. त्याचे वडील बँकेत होते आणि त्यांच्या घरात चिक्कीचा काही संबंध नव्हता, हे त्याने एकदा सांगून पाहिलं. "मग तू कशाचा?" एवढंच त्यांनी विचारलं. तो चिक्कीच राहिला.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक बरणी ठेवली आणि चिठ्ठी वाचायला सांगितली. पंचविशीतल्या एका माणसाचं मोठं आतडं होतं. माझ्या तोंडून गेलं, "अगंबाई, बिचारा."

मॅडमनी एक कोरा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "हा शब्द यात कुठे लिहायचा ते दाखव."

मी कागद उलटूनपालटून पाहिला.

"वर, खाली, कोपऱ्यात? जागा नाही ना? जिथे जागा नाही ते इथे बोलायचं नाही. ज्याला बिचारा म्हणतेस त्याच्याकडे तू नीट बघत नाहीस. डोळ्यांत पाणी असलं की काचेखालचं दिसत नाही. घरी जाऊन रड, कार्ले."

मी घरी जाऊन रडले. आईला वाटलं, फीचं काहीतरी असेल.

लॅबमध्ये मॅडमना तोंडावर बोलू शकणारा एकच माणूस होता, तो म्हणजे बबनभाऊ. वराळ्याचे, पन्नाशीचे, बुटके, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या खोलीच्या खिडकीत मोबाइलवर भजनं अगदी बारीक आवाजात लावलेली असायची. काप काढणं हे त्यांचं काम. विशीत लॅबमध्ये झाडू मारायला म्हणून लागले होते, काप काढणं मॅडमनीच त्यांना शिकवलं. कसं शिकवलं, ते बबनभाऊच सांगायचे. काप सुरकुतला की मॅडम काही न बोलता ती काच त्यांच्या समोर फोडायच्या. काप चांगला आला तरी शाबासकी नाही. म्हणायच्या, "अजून एक."

हा त्या लॅबचा नियम होता. बाकी ठिकाणी ठोकळ्याचा एक काप पाहून रिपोर्ट देतात. मॅडम तेवढ्यावर सही करत नसत. यंत्राचं चाक पुढे फिरवायचं, ठोकळा आणखी आत कापायचा, तिथला काप बघायचा, मग आणखी आत. "गाठ काय तुम्हाला दर्शन द्यायला वर येऊन बसणार आहे का?" असं त्या म्हणायच्या. मोठी गाठ आली तर तिचा एकही कोपरा सोडायचा नाही, सगळी तुकड्यातुकड्याने मेणात भरायची. काम दुप्पट व्हायचं, रिपोर्टला उशीर व्हायचा, डॉक्टर फोनवर वैतागायचे. मॅडम फोन टेबलावर उलटा ठेवून सूक्ष्मदर्शकात बघत राहायच्या.

बबनभाऊंच्या बोलण्याची त्या नक्कल करायच्या. ते म्हणाले, "बाई, मेण आलं न्हाई अजून," की या म्हणायच्या, "आलं न्हाई? मंग आनायला कोन जानार, मी व्हय?" आम्ही शरमेने खाली बघायचो. बबनभाऊ मात्र ठोकळा बर्फावर ठेवत शांतपणे म्हणायचे, "बाई, इतक्या वर्सांत तुमचं 'न्हाई' लय सुदारलं. आता वराळ्यात सोयरीक बघायला हरकत न्हाई." ओंकार हसू दाबायला बाहेर पळायचा. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही, पण त्या दिवसापुरती नक्कल बंद व्हायची.

मॅडमचा कठोरपणा म्हणजे वरवरचा, आतून मऊ, असं कोणाला वाटायला नको, म्हणून एक प्रसंग सांगते. डोंगरावरच्या एका वाडीतला बाप मुलाच्या आतड्याची बरणी घेऊन आला. आपल्याकडे ऑपरेशन झालं की तुकडा नातेवाइकांच्याच हातात देतात, लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून. बरणीत फॉर्मॅलिन असतं, त्याने तुकडा टिकतो. त्याचा वास डोळ्यांत जातो. हा माणूस एसटीत बसला, लोक ओरडायला लागले, कंडक्टर म्हणाला, बरणी फेक नाहीतर उतर. त्याने मधल्या थांब्यावर उतरून ते फॉर्मॅलिन ओतून दिलं, बरणी नळाखाली स्वच्छ धुतली, चांगलं पाणी भरलं आणि पुढची गाडी पकडून आला. पण तो रविवार होता, लॅब बंद होती. त्याने बरणी जपून घरी नेली आणि सोमवारी आणली.

मॅडमनी झाकण उघडलं आणि परत लावलं.

"पाणी कोणी घातलं?"

"म्या घातलं. वास लय मारत व्हता, मॅडम. स्वच्छ पाणी हाय, फिल्टरचं."

"तुमच्या मुलाचं आतडं तुम्ही कुजवलंत. यातून आता काहीही कळणार नाही. त्याला काय झालंय ते मला सांगता येणार नाही आणि डॉक्टरांना औषध ठरवता येणार नाही. हे तुमच्या हाताने झालं."

तो माणूस उभ्या जागी खाली बसला. मॅडम आत गेल्या. मला वाटलं, निदान दवाखान्याला फोन करून नर्सला झापतील. त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला आणि पुढची काच लावली. बबनभाऊंनी त्या माणसाला बाकावर बसवलं, पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या अक्षरांत 'वास आला तरी यातलं ओतू नये' अशा चिठ्ठ्या लिहिल्या आणि दवाखान्यांत जाऊन बरण्यांवर चिकटवून आले. मॅडमनी त्यातली एक वाचली. म्हणाल्या, "यातलं ओतू नये काय? 'फॉर्मॅलिन' लिही."

"वाचनाऱ्याला काय कळतंय बाई फॉर्मॅलिन? वास कळतो."

माझा प्रकल्प आतड्याच्या एका दुर्मिळ गाठीवर होता. नाव लांबलचक आहे, मिश्र न्यूरोएंडोक्राइन गाठ. सोपं सांगायचं तर एकाच गाठीत दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एक भाग आतड्याच्या नेहमीच्या कर्करोगासारखा, नळ्या नळ्या केलेला. दुसरा भाग बारीक, गडद, दाटीने बसलेल्या पेशींचा. हा दुसरा फार लवकर पसरतो आणि त्याचं औषध वेगळं असतं. म्हणून तो आहे की नाही हे आधी कळणं महत्त्वाचं. जनुकशास्त्रातला प्रश्न असा की हे दोन भाग दोन वेगळ्या पेशींपासून झाले, की एकाच पेशीची ही दोन घराणी?

मला तो प्रश्नच नीट कळत नव्हता. मॅडमनी समजावलं ते असं.

"कार्ले, तुझा बाप इंद्रायणी भात लावतो ना?"

"हो मॅडम."

"खाचरात मधेच चार रोपं उंच, वेगळ्या लोंबीची निघाली तर?"

"भेसळ म्हणतो त्याला. उपटून टाकतो."

"आली कुठून ते विचारता?"

"बियाण्याच्या पोत्यात दुसरं बी मिसळलं असेल."

"किंवा?"

मी पुन्हा पोत्याचंच सांगायला लागले.

"किंवा त्याच बियाण्यातला एक दाणा बिघडला असेल. उपटायला तुम्हा लोकांना बरं जमतं, विचारायला जमत नाही. म्हणून अजून टपरी चालवता."

ते वाक्य मी वडिलांना कधी सांगितलं नाही. पण प्रश्न त्या दिवशी असा समजला की पुढे कोणत्याही पुस्तकातून मला तो पुन्हा वाचावा लागला नाही. दोन्ही भाग सुईने वेगवेगळे खरवडायचे, त्यांतला डीएनए वेगवेगळा काढायचा आणि दोन्हीतल्या चुका ताडून पाहायच्या. दोन्हीत तीच चूक सापडली तर बी एकच.

प्रकल्प सुरू झाला त्याच सुमारास बबनभाऊंच्या पोटात दुखायला लागलं. जेवण जाईना, अशक्तपणा आला. तपासणीत उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि तुकडा अर्थातच आमच्याकडे आला.

घरात मुलीचा साखरपुडा ठरलेला होता. मुलाकडच्यांना 'अल्सरचं ऑपरेशन' असं सांगितलेलं. बबनभाऊ टाके ओले असतानाच लॅबमध्ये येऊन उभे राहिले.

"बाई, माझं मी कापतो. कापू ना?"

आम्हाला वाटलं, मॅडम हो म्हणतील. दुसऱ्या कोणाचा काप त्यांना पसंतच नव्हता. पण त्या म्हणाल्या, "स्वतःचं आतडं स्वतः कापतोस? घरी जा, बबन. साखरपुड्याचं बघ."

त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. ओंकारने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

काप काढायला बाहेरून एक मुलगा बोलावला. मॅडमनी गाठीतून दोनच तुकडे घेतले. त्या मुलाने प्रत्येकाचा एक काप काढून दिला आणि उभा राहिला, आणखी काढायचे का या तयारीने. मॅडमनी काचा पाहिल्या, पेन काढलं आणि सही केली. आतड्याचा नेहमीचा कर्करोग, पूर्ण निघालेला, आजूबाजूच्या ग्रंथींत पसरलेला नाही. याहून चांगला रिपोर्ट त्या रोगाला मिळत नाही. डॉक्टर म्हणाले, पुढे औषधाची गरज नाही, फक्त मधून मधून दाखवत राहा.

साखरपुडा थाटात झाला. बबनभाऊ लोणावळ्याहून चिक्कीचा मोठा पुडा घेऊन आले आणि त्यांनी ती लॅबभर वाटली. मॅडम कोणाकडचं काही खात नसत. दिवाळीचा फराळ असो, बारशाचे पेढे असोत, "ठेव तिकडे" म्हणत आणि ते तिकडेच मऊ पडत. त्या दिवशी त्यांनी एक तुकडा उचलला आणि उभ्या उभ्या कुडुम् कुडुम् खाल्ला.

"पात्याला गंज चढला बघ," ओंकार माझ्या कानात म्हणाला.

मी हसले. आज ते आठवलं की हसू येत नाही.

बबनभाऊ कामावर परत आले. लग्न झालं, मुलगी सासरी गेली. काही महिने बरे गेले. मग त्यांचा पट्टा ढिला व्हायला लागला, दुपारी डबा अर्धा परत जायला लागला. सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसले. सुई घालून तिथला चिमूटभर तुकडा काढला आणि तो छोट्या बाटलीतून आमच्याकडे आला. बाटलीवरचं नाव बबनभाऊंनीच वाचलं, त्यांनीच तो मेणात बसवला आणि त्यांनीच काप काढला. यावेळी घरी जा असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

मॅडमनी काच लावली. नेहमी त्यांचा हात सूक्ष्मदर्शकाच्या चाकावर हलत असतो. तो थांबला.

"बबन."

"जी."

"तुझे जुने ठोकळे काढ. आतड्याचे. दोन्ही."

बबनभाऊंनी कपाटातून ते आणले. "त्ये तर झालेत की, बाई."

"आत काप."

त्यांनी ठोकळा यंत्रावर बसवला आणि चाक फिरवलं. मेणाची पातळ फीत पात्यावरून उतरू लागली. गरम पाण्यावर तरंगवून त्यांनी ती काचेवर घेतली. एकही सुरकुती नव्हती. मॅडम मागे उभ्या होत्या.

"अजून एक."

ते फिरवत राहिले.

"अजून एक."

रंगवून झाल्यावर मॅडमनी काच लावली. फार वेळ लागला नाही. आमच्या सूक्ष्मदर्शकाला समोरासमोर बघायच्या दोन जागा होत्या, शिकवण्यासाठी. मॅडमनी समोरच्या स्टुलाकडे बोट केलं.

"बस. बघ. वर नळ्या दिसतात? त्या मी पाहिल्या होत्या. आता खाली ये. ते बारीक, काळे, गच्च बसलेले. तेच यकृतात गेलेत. तेच तुला मारणार."

बबनभाऊ बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी काप काढले होते, पण त्या स्टुलावर बसवून त्यांना कधी काही दाखवलं गेलं नव्हतं. मी आणि ओंकार दाराशी होतो. जावं की थांबावं, कळत नव्हतं.

"हे तवा बी व्हतं?"

"होतं."

"मंग दिसलं कसं न्हाई?"

"मी आत गेलेच नाही. दोन तुकडे घेतले, एकेक काप बघितला आणि सही केली."

"तुमी?"

"मी."

"दुसऱ्या कुनाचं असतं तर केलं असतं असं?"

"नाही."

बबनभाऊंनी डोळे वर केले. "मंग माझ्याच टायमाला का, बाई?"

मॅडमनी चष्मा काढला नाही, पुसला नाही. सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुझी दया आली."

खिडकीतलं भजन चालू होतं. बबनभाऊ उठले, मोबाइल बंद केला, यंत्रावरचा चुरा ब्रशने झाडला, पातं काढून डबीत ठेवलं. मग मॅडमकडे न बघता म्हणाले, "तुमाला कुनी सांगितली हुती दया कराया? इतक्या वर्सांत कुनावर केली न्हाई. माझ्यावरच का केली?"

 

औषध बदललं. पुण्याला जाऊन त्यांनी सलाइनमधून ते घेतलं, केस गेले, तोंड सोललं. मी एका डॉक्टरांना घाबरत घाबरत विचारलं की आधीच कळलं असतं तर ते वाचले असते का. ते म्हणाले, "सांगता येत नाही. ही गाठ फार वाईट असते. कदाचित काही वर्षं मिळाली असती, कदाचित नसतीही." मला ते ऐकून बरं वाटलं आणि ते मी मॅडमना सांगितलं. मला वाटलं, त्यांनाही बरं वाटेल.

"कदाचित म्हणजे काय?" त्या म्हणाल्या. "पाहिलं नाही म्हणजे कदाचित. मला ते शब्द देऊ नकोस. सुई घे आणि खरवड."

माझ्या प्रकल्पात बबनभाऊंच्या गाठीचा समावेश करायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. मला जमणार नाही असं मी म्हणाले, तर म्हणाल्या, "मग घरी जा आणि चहा वीक." मी सूक्ष्मदर्शकाखाली नळ्यांचा भाग वेगळा खरवडला, काळ्या पेशींचा वेगळा, यकृतातला वेगळा.  तिन्ही नमुने पुण्याला गेले. निकाल आला. टीपी-त्रेपन्न नावाच्या जनुकात तिन्हींत अगदी तीच चूक होती. आरबी-एक नावाचं दुसरं जनुक मात्र फक्त काळ्या पेशींत आणि यकृतात गेलेलं होतं. म्हणजे बी एकच. एका पेशीचीच दोन घराणी झाली आणि त्यातलं वाईट घराणं यकृतात जाऊन बसलं.

बबनभाऊ तेव्हा घरीच असायचे. मी भेटायला गेले तर खाटेवर उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "काय निघालं गं पोरी, भेसळ का एकच बी?"

"एकच, भाऊ."

"म्हंजी बाहेरून काय आलं न्हाई. घरचंच." त्यांनी पाठीमागची उशी सरळ केली. "बाईंना मार्कं मिळतील का यात?"

"मला मिळतील, भाऊ."

"मंग बरं झालं. कुनाला तरी मिळू दे."

भात कापणीला यायच्या आधी ते गेले.

तेराव्यानंतर एक दिवस मॅडम मला म्हणाल्या, "कार्ले, वराळ्याचा रस्ता माहीत आहे ना? चल." आम्ही रिक्षाने गेलो. घर रस्त्यापासून आत होतं, मागे कंपनीच्या गोदामाची लांब भिंत. बबनभाऊंच्या पत्नी, इंदूकाकू, ओसरीवर बसल्या होत्या. मॅडमना पाहून त्या उठल्या, पदर सावरला, खुर्ची पुसली. जाऊबाईंनी चहा आणला. इंदूकाकू मॅडमच्या पायांशीच खाली बसल्या.

"बाई, तुमचे लय उपकार हायेत," त्या म्हणाल्या. "सगळे म्हनायचे, लय कडक हायेत. पन ह्यांचा पयला कागद तुमी चांगला दिला म्हनून पोरीचं लगीन झालं. ते चार-सा म्हयनं ह्ये कसे हसत व्हते. गोड जेवले. आमाला तेवढं तरी सुक मिळालं बाई, तुमच्यामुळं."

मी मनात म्हटलं, मॅडम, आता काही बोलू नका. खरंच हात जोडले होते मी मनात.

मॅडमनी कप खाली ठेवला. "तो कागद चुकीचा होता," त्या म्हणाल्या. "दुसरा रोग तेव्हाच होता. मी नीट बघितलं नाही. ज्या महिन्यांत तुम्ही त्याला गोड खाऊ घातलंत, त्याच महिन्यांत त्याला औषध मिळायला हवं होतं."

बबनभाऊंनी घरी काही सांगितलेलं नव्हतं. ते मला तेव्हा कळलं.

इंदूकाकूंचा चेहरा आधी काही समजलं नाही असा होता. मग समजलं तसा तो बदलत गेला. त्या रडल्या नाहीत. हळूहळू मागे सरकून त्या भिंतीला टेकल्या.

"ह्यांना ठावं व्हतं?"

"हो. मी दाखवलं त्याला."

"आन् त्ये मला बोलले न्हाईत." त्या आमच्याकडे न बघता बोलत होत्या. "त्यांनी झाकून ठेवलं, बाई. मरताना बी झाकून ठेवलं. आन् तुमी ते आता उघडायला आलाव? काय मिळालं तुमाला? चा पिऊन गपगुमान गेला असता तर मी मरंपत्तूर तुमाला हात जोडले असते."

"ते हात चुकीचे जोडले गेले असते," मॅडम म्हणाल्या.

जाऊबाईंनी पुढे होऊन मॅडमसमोरचा भरलेला कप उचलला आणि आत नेला. मॅडम उठल्या. मयताच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत, तसं त्यांनीही म्हटलं नाही. अंगणात कोणी पोचवायला आलं नाही. मी इंदूकाकूंजवळ थांबावं की मॅडमबरोबर जावं, हे मला ठरवता येईना. शेवटी मी मॅडमच्या मागे गेले, कारण रिक्षा मीच थांबवून ठेवली होती.

रिक्षात मी धीर करून विचारलं, "मॅडम, का सांगितलंत?"

"ती मला चांगली समजत होती," त्या म्हणाल्या. "मला ते चालत नाही."

मला आजही कळत नाही की त्यांनी ते इंदूकाकूंसाठी सांगितलं की स्वतःसाठी. मला वाटतं, स्वतःसाठी. खरं बोलल्याने त्यांना जे काही मिळालं असेल, त्याची किंमत त्या बाईने मोजली. तिच्याकडे नवऱ्याचे तेवढे हसरे महिने होते, तेही मॅडम काढून घेऊन आल्या.

प्रकल्पाला पहिला वर्ग मिळाला. परीक्षक म्हणाले, फार दुर्मिळ केस मिळाली तुम्हाला, नशीबवान आहात. मी मान हलवली.

निकालानंतर पेढे घेऊन लॅबमध्ये गेले. बबनभाऊंच्या खोलीत यंत्रासमोर एक नवीन मुलगी बसली होती. अठरा-एकोणीस वर्षांची, पाठीवर लांब वेणी. तिच्या मागे मॅडम उभ्या होत्या. जमिनीवर फुटलेल्या काचा होत्या, पुष्कळ. मुलीचे खांदे हलत होते.

"रडून घे," मॅडम म्हणत होत्या, "पण हात थांबवू नकोस. कोणाचं आहे हे?"

"एका... एका आजींचं, मॅडम."

"आजी नाही. तुकडा. फिरव."

मुलीने चाक फिरवलं. फीत उतरली, मधेच दुमडली. मॅडमनी काच उचलली आणि खाली टाकली.

"अजून एक."

मी टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, पास झाले."

त्यांनी वळून पाहिलं नाही. एका हाताने पुडा टेबलाच्या कडेला सरकवला, जिथे बाकीचं सगळं मऊ पडत असे, आणि दुसरा हात त्या मुलीच्या खांद्यावरून पुढे नेऊन चाक आणखी आत फिरवलं.